आल्बान त्सविर्नरचा क्रॉस

फोर्त्सहाइमला जुन्या पदकांचा आणि बिल्ल्यांचा बाजार भरला की खिडकीजवळचं टेबल लिओबा फेरनबाखचं, हे ठरलेलं होतं. चुकून दुसऱ्या कुणी तिथे आपली पेटी मांडली तर बाकीचेच त्याला उठवत. लिओबाला दिवसाचा उजेड लागे. ट्यूबलाइटखाली कुठलंही पदक अस्सलच दिसतं, असं तिचं म्हणणं होतं आणि तिच्या म्हणण्याला त्या सभागृहात वजन होतं. हातातला तुकडा उलटसुलट करून तिने "चांगलाय" म्हटलं की आणणाऱ्याची मान ताठ व्हायची. नुसतं "हं" म्हटलं, की तो मुकाट्याने पेटी मिटून कॉफी प्यायला निघून जायचा.

तिचे वडील याच गावात बिल्ल्यांच्या कारखान्यात ठसे मारायचे. बाकीच्या मुली बाहुल्यांशी खेळायच्या तेव्हा लिओबा वाकडे उमटलेले, रद्दीत काढलेले बिल्ले जमिनीवर मांडून त्यांची लग्नं लावायची. पुढे ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागली आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. पण बिल्ल्यांचं वेड काही सुटलं नाही. मात्र पहिलं महायुद्ध संपेपर्यंतचीच पदकं ती तपासायची. त्यानंतरचं, नाझींच्या काळातलं कुणी काही पुढे केलं तर ती हातही लावत नसे. "ते दुसरीकडे दाखवा," एवढंच म्हणायची आणि चष्मा पुसायला घ्यायची.

शेजारचं टेबल गिझबर्ट कुन्झमानचं. हा रेल्वेवाल्यांची बटणं आणि नेमबाजांच्या मंडळांचे बिल्ले विकायचा. तो सीमेपलीकडचा, श्वाबियाचा. लिओबा पक्की बाडेनची. या दोन शेजारी प्रांतांचं वैर जुनंच. त्यामुळे दोघांची दिवसभर जुंपलेली असायची.

"काय मास्तरीणबाई, आज किती जणांना रडवणार?" त्या शनिवारी सकाळी गिझबर्टने विचारलं.

"तुझ्यापासून सुरुवात करू का? ते बटण म्हणे राजाच्या खास गाडीच्या टीसीचं! मागचं कडं बघ त्याचं. परवा लावलंय कुणीतरी."

"तुम्हा बाडेनवाल्यांना दुसऱ्याचं भलं बघवतच नाही."

"आणि तुम्हा श्वाबियावाल्यांना वाटाण्याचंसुद्धा साल काढून विकायचं असतं."

ऑक्टोबरचं छान ऊन पडलं होतं. हॉल निम्मा भरला असेल, तेवढ्यात दोन्ही बाजूंच्या दारांतून एकाच वेळी दोन माणसं आत आली. डावीकडून एक उंच, हाडापेराने मजबूत म्हातारी, डोक्यावर हिरवी टोपी. उजवीकडून एक बुटका, गोल म्हातारा, गालांवर भट्टीपुढे आयुष्य काढल्याची लाली. दोघांनी एकमेकांना पाहिलं, दोघांनी तोंडं फिरवली आणि दोघंही सरळ लिओबाच्या टेबलाकडे चालू लागली. शेवटी शेवटी तर चालणं नव्हतंच ते. म्हातारा चक्क धावला.

"मी आधी आलो," तो धापा टाकत म्हणाला.

"पळत आलास. मी माणसासारखी आले," म्हातारी म्हणाली.

"बसा," लिओबा म्हणाली. खुर्ची एकच होती. दोघंही उभीच राहिली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. म्हातारी वाल्बुर्गा त्सविर्नर. डिस्टलहोफेन गावात तिची खानावळ. म्हातारा ऑयगेन त्सविर्नर, तिचा सख्खा चुलत भाऊ. त्याच गावात, त्याच रस्त्यावर, खानावळीच्या बरोब्बर समोर त्याची बेकरी. आणि या दोघांतून विस्तव जात नव्हता. समोर ताज्या ब्रेत्सेल पावांचा वास सुटलेला असताना वाल्बुर्गा शेजारच्या गावाहून पाव मागवायची. ऑयगेनला बिअर प्यावीशी वाटली तर तो बस पकडून तालुक्याला जायचा.

"आणि भांडण कशावरून?" लिओबाने विचारलं.

दोघांनी एकदमच खिशात हात घातला. टेबलावर दोन डब्या आल्या. दोन्हींत एकेक लोखंडी क्रॉस होता, पहिल्या महायुद्धातला, चंदेरी किनारीचा, आणि दोन्हींची फीत पांढरी, कडेला काळे पट्टे.

"आमचे आजोबा," वाल्बुर्गा म्हणाली, "आल्बान त्सविर्नर. लष्कराच्या भट्टीवर होते. पलटणींना पाव भाजून द्यायचे."

"म्हणून पांढरी फीत," लिओबाने मान हलवली. बंदूक घेऊन लढलेल्यांची फीत काळी, पांढऱ्या पट्ट्यांची. मागे राहून काम केलेल्यांची याच्या उलट. पांढऱ्या फितीचे क्रॉस तसे कमीच बघायला मिळत. तिचे डोळे चमकले.

"क्रॉस एकच मिळाला होता," ऑयगेन म्हणाला. "तो आजोबांनी माझ्या बापाला दिला."

"माझ्या बापाला दिला! थोरल्याला. धाकट्याला कशाला देतील?"

आजोबा वारले तेव्हा ही दोघं शाळेत जाणारी पोरं होती. दफन करून सगळे जेवायला बसले आणि थोरल्या मुलाने, म्हणजे वाल्बुर्गाच्या बापाने, डोळे पुसत खिशातून क्रॉस काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, बाबांची ही आठवण. तर धाकट्यानेही आपल्या खिशातून क्रॉस काढला. सूप तसंच राहिलं. एकाने दुसऱ्याला खोटारडा म्हटलं, दुसऱ्याने पहिल्याच्या अंगावर बटाट्याच्या सॅलडचं भांडं फेकलं. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. बाप गेले, तरी पोरांनी भांडण इमानेइतबारे पुढे चालवलं.

आता गावाला आठशे वर्षं होणार म्हणून टाउन हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं होतं. आल्बान त्सविर्नरच्या क्रॉससाठी काचेच्या कपाटात एक जागा ठेवलेली होती. दोन क्रॉस पुढे आल्यावर महापौरबाईंनी हात टेकले आणि सांगितलं, फोर्त्सहाइमला जा, तिथली बाई सांगेल तो खरा.

"म्हणजे त्या बाईंनी तुमचं भांडण माझ्या गळ्यात मारलं," लिओबा म्हणाली.

"तुम्ही सांगाल ते मान्य," वाल्बुर्गा म्हणाली.

"लेखी देऊ?" ऑयगेनने विचारलं.

"नको. कोट काढून शांतपणे उभे राहा. आणि उजेड अडवू नका."

आधी वाल्बुर्गाचा क्रॉस. लिओबाने तो तळहातावर झेलून वजन पाहिलं, मग लोहचुंबक जवळ नेलं. क्रॉस टुणकन चिकटला. आतला गाभा लोखंडाचा होता तर. मग भिंग डोळ्याला लावून तिने कड तपासायला घेतली. खरा क्रॉस तीन तुकड्यांचा असतो: मधे काळं लोखंड, त्याला पुढून मागून चांदीची चौकट, आणि दोन्ही चौकटी कडेला झाळून एकजीव केलेल्या. नकली करणारे बहुधा अख्खा क्रॉस एकाच साच्यात ओततात आणि मधे काळा रंग फासतात. कडेवरचा सांधा बघितला की ते पकडले जातात.

सांधा होता. केसासारखा बारीक, एका कोपऱ्यात जरासा वाकडा गेलेला. दाण्यांची किनार रेखीव. वरच्या कड्यावर दोन चिमुकली अक्षरं, बनवणाऱ्याची. फीत पिवळट पडलेली, काठाला विरलेली. शेवटी लिओबाने काळं कापड डोक्यावरून घेतलं, जुन्या काळचे फोटोग्राफर घ्यायचे तसं, आणि आत जांभळा दिवा लावला. फीत अंधारात मंदपणे, मळकट, गप्प बसून राहिली. असंच हवं होतं. हल्लीच्या धाग्यांत चमक आणणारं रसायन असतं आणि ते या दिव्याखाली निळंशार पेटतं.

"चांगलाय," ती कापडातून डोकं बाहेर काढत म्हणाली.

वाल्बुर्गाने टोपी काढून छातीशी धरली. "मी म्हणत नव्हते?"

"अजून माझा बघायचाय," ऑयगेन म्हणाला, पण त्याच्या गालांवरची लाली जरा उतरली होती.

त्याचा क्रॉस चकचकीत होता. दर नाताळला कुणीतरी घासत असावं. वजन बरोबर. चुंबकाला चिकटला. सांधा सुरेख, पहिल्यापेक्षाही नीट. कड्यावर चांदीच्या शुद्धतेचा आकडा. लिओबाच्या भुवया वर गेल्या. हाही चांगला दिसत होता! तिने काळं कापड ओढलं, दिवा लावला, आणि आतून तिचा "अरेरे" ऐकू आला.

फीत निळी पेटली होती. नाचगाण्याच्या क्लबात पांढरा शर्ट पेटतो तशी.

ती बाहेर आली. ऑयगेनचा चेहरा पाहून तिला सांगवेना, पण सांगणं भाग होतं. "क्रॉसबद्दल मी नंतर बोलते. पण फीत... फीत त्या काळातली वाटत नाही. युद्धानंतर कितीतरी वर्षांनी केलेली आहे."

"हा!" वाल्बुर्गाने टेबलावर थाप मारली. गिझबर्टची दोन बटणं उडून खाली पडली. "बघ! तुझ्या बापाने बाजारातून आणून लावलेली! सगळ्या गावाला सांगणार आहे मी! चर्चच्या दारावर लावणार आहे!"

ऑयगेन खुर्चीवर बसला. एकुलती एक खुर्ची अखेर त्याच्याच वाट्याला आली. त्याने डबी उचलली आणि फितीवरून अंगठा फिरवला. "माझ्या आईला किती वाईट वाटलं असतं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "केवढं जपायची ती हिला. दर ईस्टरला हाताने धुवायची. कपाटातली पांढरी चादर, टेबलावरचा रुमाल आणि ही फीत. सगळं पांढरंशुभ्र."

लिओबा चष्मा पुसत होती. तिचा हात थांबला.

"काय म्हणालात?"

"पांढरंशुभ्र."

"त्याच्या आधी."

"धुवायची म्हणालो. हाताने. मशीनमध्ये नाही घालायची हो!"

"कशाने धुवायची?"

"कशाने म्हणजे? धुण्याच्या पावडरीने! तिची एक ठरलेली पावडर होती, हिरव्या खोक्यातली. दुसरी चालायची नाही तिला."

लिओबा खदाखदा हसायला लागली. हसता हसता तिने कपाळावर हात मारून घेतला. हॉलमधल्या माणसांनी माना वळवल्या, कारण फेरनबाखबाईंना इतकं हसताना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"गिझबर्ट, मला मारायला ये! इतकी वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलं मी! त्या पावडरीतच असतं ते! कपडे पांढरे दिसावेत म्हणून घालतात ते रसायन. धाग्यात जाऊन बसतं आणि दिव्याखाली पेटतं. फीत शंभर वर्षांची असली आणि कालच धुतलेली असली, तरी पेटणारच!"

"म्हणजे?" ऑयगेन उठून उभा राहिला.

"म्हणजे पळवाट!" वाल्बुर्गा ओरडली. "आता धुण्याच्या पावडरीवर ढकलताय! मला पटलेलं नाही."

"पटायलाच नको," लिओबा म्हणाली. "मलाही अजून पटलेलं नाही. आपण करूनच बघू. चला, स्वयंपाकघरात."

सभागृहाच्या मागे एक छोटं स्वयंपाकघर होतं, बाजाराच्या दिवशी तिथे सॉसेजं उकडत. लिओबाने आपल्या पेटीतून जुन्या फितीचा एक उसवलेला तुकडा आणला. अशा चिंध्या ती फेकत नसे. आधी दिवा लावून सगळ्यांना दाखवलं: फीत मळकट, गप्प. मग सॉसेजवाल्या बाईंकडून धुण्याची पावडर मागितली. त्यांनी ओट्याखालून डबा काढून दिला आणि स्वतःही काय चाललंय ते बघायला पुढे सरकल्या. एका कपात गरम पाणी, चमचाभर पावडर, वर फीत. कप कुणी धरायचा यावर पुन्हा भांडण झालं. शेवटी तो वाल्बुर्गाने धरला, कारण ऑयगेन काहीतरी चलाखी करेल अशी तिला खात्री होती. ऑयगेनने ढवळलं, कारण ती ढवळणारच नाही अशी त्यालाही खात्री होती.

"हळू ढवळ! सांडतोयस माझ्या अंगावर."

"तू कप नीट धर ना मग. आयुष्यभर ट्रे धरलेस आणि एक कप धरता येत नाही?"

"आयुष्यभर पीठ मळलंस आणि चमचा फिरवता येत नाही?"

गिझबर्टने लिओबाच्या कानाला लागून म्हटलं, "आत्तापर्यंत ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हती ना?"

"गप्प बस. त्यांच्या लक्षात येईल," लिओबा पुटपुटली.

फीत दोनतीनदा चांगली खळबळून, पिळून, हीटरवर वाळत घातली. तोवर स्वयंपाकघराच्या दारात ही गर्दी. बटणवाले, नाणीवाले, एक पोस्टाची तिकिटं विकणारा, तो तर चुकीच्या बाजारात आलेला, पण आता घरी जायला तयार नव्हता. फीत सुकली तशी लिओबाने खिडकीचा पडदा ओढला आणि जांभळा दिवा लावला.

फीत निळी पेटली.

टाळ्या पडल्या. सॉसेजवाल्या बाईंनी आपला ॲप्रनही दिव्याखाली धरून बघितला, तोही पेटला, तेव्हा पुन्हा टाळ्या पडल्या.

"म्हणजे माझी फीत खरी!" ऑयगेन दोन्ही हात वर करून नाचायच्या बेतात होता.

"म्हणजे तुमची फीत खोटी आहे असं म्हणता येत नाही," लिओबा म्हणाली. "खरी आहे असंही अजून म्हणता येत नाही. दिव्याचा पुरावा बाद झाला, एवढंच. आता दोन्ही फिती शेजारी शेजारी बघायच्या. पण मला टाके उसवावे लागतील."

ऑयगेनने डबी घट्ट धरली. आईने घातलेले टाके होते ते. वाल्बुर्गाने त्याच्याकडे पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, आपला क्रॉस पुढे सरकवला. "आधी माझे उसवा. मग तो उसवू देईल. लहानपणापासून असाच आहे. नदीतसुद्धा मी आधी उडी मारल्याशिवाय मारायचा नाही."

"तू ढकलायचीस," ऑयगेन म्हणाला, पण त्याने डबी टेबलावर ठेवली.

खिडकीजवळ परत येऊन लिओबाने बारीक कात्रीने एकेक टाका सोडवला. घडी घातलेल्या दोन्ही फिती उलगडून पांढऱ्या कागदावर लांब केल्या आणि भिंग घेऊन ओणवी झाली. विणीतल्या रेषा दोन्हींत सारख्या. काळ्या पट्ट्याची रुंदीही सारखी, फक्त ऑयगेनची फीत धुऊन धुऊन किंचित आकसलेली. तिने वाल्बुर्गाच्या फितीचं एक टोक पाहिलं. तिथे काळ्या पट्ट्यातला एक धागा वाट चुकून पांढऱ्यात शिरला होता. विणणाऱ्याची चूक. धागा तिरका जात जात कापलेल्या काठापर्यंत पोचला होता, आणि तिथे संपला होता.

काठ सरळ नव्हता. घाईत, बोथट कात्रीने कापल्यासारखा, मधेच एक दाता.

मग लिओबाने ऑयगेनच्या फितीची टोकं पाहिली. एक टोक सरळ. दुसऱ्या टोकाला मधेच एक खाच, आणि बरोबर तिथूनच पांढऱ्यात सुरू होणारा एक चुकार काळा धागा, पुढे जाऊन पुन्हा आपल्या पट्ट्यात मिसळलेला.

चिमट्याने तिने दोन्ही टोकं एकमेकांजवळ सरकवली. दाता खाचेत बसला. धाग्याला धागा मिळाला.

तिने भिंग वाल्बुर्गाच्या हातात दिलं. वाल्बुर्गा बराच वेळ बघत राहिली, मग तिने भिंग ऑयगेनला दिलं.

"ही एकच फीत आहे," शेवटी लिओबा म्हणाली. "एक लांब तुकडा. कुणीतरी मधोमध कापलाय."

"कुणीतरी म्हणजे..." ऑयगेन म्हणाला.

"तुमच्या आजोबांनीच, दुसरं कोण? बघा, तेव्हा असं चालायचं. क्रॉस एकदा मिळाला की सराफाकडून तसाच दुसरा करून घेता यायचा. कुणी रोज लावायला घ्यायचं, कुणी पहिला हरवला म्हणून. दोन्ही त्याच काळातले, दोन्ही चांगले. आल्बान त्सविर्नरने एक जास्तीचा घेतला. मग एकच फीत कापून दोन्ही क्रॉसना लावली, म्हणजे फरक कळायला नको. दोन मुलं होती त्याला."

मग ऑयगेन खाकरला. "माझा बाप सांगायचा, आजोबांनी क्रॉस देताना कानात म्हटलं होतं..."

"भावाला सांगू नकोस," वाल्बुर्गा म्हणाली.

ऑयगेन तिच्याकडे बघतच राहिला. "तुला कसं माहीत?"

"माझ्या बापालाही तेच म्हटलं होतं! म्हणून तर त्याला वाटायचं की तोच एकटा..." आधी तिचे खांदे हलले. लिओबाला वाटलं रडतेय. पण ती हसत होती, तोंडावर टोपी दाबून. "आठवतं का रे, आजोबा आपल्याला सॉसेज कसं कापून द्यायचे?"

"पट्टी लावून!" ऑयगेन ओरडला. "सुताराची पट्टी! टेबलावर ठेवून मोजायचे, आणि वर म्हणायचे, आता ज्याने हूं की चूं केलं त्याचं कुत्र्याला!"

"आणि तू तरी करायचास."

"कारण तुझा तुकडा जाड बाजूचा असायचा!"

दोघंही टेबलावर ओणवी होऊन हसायला लागली, इतकी, की गिझबर्टने आपली उरलेली बटणं उचलून सुरक्षित जागी ठेवली. हसण्यातच ऑयगेनचे डोळे वाहायला लागले आणि वाल्बुर्गाने बाहीतून रुमाल काढून त्याच्या तोंडावर फेकला. "पूस. नाक पण पूस. लोक बघताहेत."

लिओबा हे बघत उभी होती. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. एका कड्यावर बनवणाऱ्याची अक्षरं, दुसऱ्यावर चांदीचा आकडा; त्यावरून आणि सांध्याच्या सफाईवरून, सैन्याने दिलेला कुठला आणि सराफाकडून घेतलेला कुठला, याचा तिला अंदाज होता. अंदाज कसला, जवळजवळ खात्रीच. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं आणि माहीत असलेलं लपवणंही तिला जड जायचं.

"एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "यातला पहिला कुठला आणि नंतर घेतलेला कुठला, ते मी बहुतेक सांगू शकेन. ऐकायचंय?"

"नाही!" दोघं एकदम म्हणाली.

आणि मग एकमेकांकडे बघून पुन्हा हसली.

डिस्टलहोफेनचा समारंभ पुढच्या वसंतात झाला. लिओबाला आमंत्रण आलं, गिझबर्टला आलं नव्हतं, पण तो तिची गाडी चालवायच्या निमित्ताने आलाच. गावात सगळीकडे पताका, चर्चपुढे बँड, आणि शतावरीचा हंगाम असल्यामुळे प्रत्येक घरातून लोण्याचा वास. टाउन हॉलमधल्या काचेच्या कपाटात दोन क्रॉस शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्ही फिती टोकाला टोक लावून अशा मांडल्या होत्या की त्यांच्यामधली रेघ शोधावी लागे. बाजूला आल्बान त्सविर्नरचा फोटो: पीठ माखलेल्या मिश्या, हातात भट्टीत पाव सरकवायचं लांब फावडं, आणि चेहऱ्यावर काहीतरी लपवून ठेवल्यासारखं हसू.

कपाटापुढे महापौरबाई वैतागून उभ्या होत्या. "फेरनबाखबाई, बरं झालं आलात. खालच्या पाटीवर 'वाल्बुर्गा आणि ऑयगेन त्सविर्नर यांच्याकडून' लिहायचं की 'ऑयगेन आणि वाल्बुर्गा'? सकाळपासून चाललंय यांचं."

"मी थोरली," वाल्बुर्गा म्हणाली.

"वर्णमालेत मी आधी येतो," ऑयगेन म्हणाला.

"वर्णमाला कधीपासून यायला लागली तुला? शाळेत माझ्या पाटीत बघून लिहायचास!"

"आणि चुकायचो! कारण तूच चुकीचं लिहायचीस!"

"यात मी पडणार नाही," लिओबा म्हणाली. "मी पदकं तपासते. माणसं नाही."

दोघं तशीच भांडत, हातवारे करत बाहेर पडली आणि रस्ता ओलांडून चौकातल्या मांडवाकडे गेली. तिथे एकाच लांब बाकावर त्यांची दोन्ही घरं दाटीवाटीने बसली होती. नातवंडांना कोण कुणाचं हे अजून नीट समजलं नव्हतं, त्यामुळे ती सगळ्यांच्याच मांडीवर चढत होती. वाल्बुर्गाने लांबूनच हात हलवून लिओबाला हाक मारली. "मास्तरीणबाई! या! जागा ठेवलीय! तुमच्या त्या श्वाबियावाल्यालाही घेऊन या, बसू दे त्यालाही!"

"बघ, मला बोलावलं," गिझबर्ट म्हणाला.

"बसू दे म्हणाल्या. खाऊ दे म्हणाल्या नाहीत."

बँडने वाल्ट्झ सुरू केला. गिझबर्टने टोपी काढली, केसांवरून हात फिरवला आणि लिओबापुढे जरा वाकून हात पुढे केला. इतक्या वर्षांत त्याने असं काही केलं नव्हतं, आणि आताही त्याच्या तोंडावर चेष्टेचंच हसू होतं, पण हात त्याने मागे घेतला नाही. लिओबाने त्याच्याकडे नीट पाहिलं. भिंगाशिवाय, भरदिवसा, मेच्या उन्हात.

"चांगलाय," ती म्हणाली आणि त्याचा हात धरून चौकात उतरली.